उष्ट्या पेल्याची नाती

जपानमधल्या कोबेत रस्ता विचारला तर लोक उत्तर-दक्षिण सांगत नाहीत. 'डोंगराकडे जा' नाहीतर 'समुद्राकडे जा', एवढंच. वर रोक्कोचा डोंगर, खाली बंदर आणि मधल्या चिंचोळ्या उतारावर आडवं पसरलेलं शहर. आम्ही राहतो ते नादा, डोंगराच्या अंगाला. नादाच्या समुद्राकडच्या टोकाला साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवणाऱ्यांच्या जुन्या पेढ्या आहेत. थंडीत तिकडे गेलं की वाफवलेल्या तांदळाचा वास येतो आणि मला गावाकडच्या लग्नघरातली भाताची तपेली आठवतात. वरच्या टोकाला मात्र शाळा, दवाखाने, नेटकी बुटकी घरं. त्यांच्यामध्येच एक लांबलचक उंच भिंत आहे. भिंतीवर कॅमेरे, आणि एक मोठं दार, कायम बंद.

इथे नवीन आले तेव्हा मला वाटलं, कुणा कारखानदाराचा बंगला असेल. शेजारच्या आजींना विचारलं. वय ऐंशीच्या पुढे, पण अजून रोज सकाळी दारासमोरचा रस्ता स्वतः झाडतात. हातातला झाडू न थांबवता त्या म्हणाल्या, "ते होय, ते यामागुची-सान." सान म्हणजे आपलं 'राव' किंवा 'ताई', कुणालाही लावतात. आपण 'कोपऱ्यावरचे जोशी' म्हणतो त्याच सुरात त्यांनी जपानमधल्या सगळ्यात मोठ्या गुन्हेगारी टोळीचं नाव घेतलं. भिंतीपलीकडे होतं ते यामागुची-गुमीचं मुख्यालय.

'होतं' म्हणायचं की 'आहे', हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. जागा त्यांचीच आहे, पण दारावर पोलिसांचा कागद चिकटवलेला आहे. जानेवारी २०२० पासून हा भाग 'निर्बंधित' आहे. टोळीच्या पाच किंवा जास्त माणसांनी इथे एकत्र जमायचं नाही, कचेरीत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर थेट अटक. जपानमध्ये या टोळ्यांवर सरसकट बंदी नाही, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. १९९२ पासून लागू असलेल्या कायद्यात सरकार त्यांची रीतसर नोंद करतं, नावं जाहीर करतं आणि मग नियमांनी आवळत जातं. आवळायला निमित्त लागतं. इथे ते टोळीनेच दिलं, आपापसात भांडून. आणि ते भांडण ज्यावरून झालं, ते मी ऐकलं तेव्हा भाजीची पिशवी हातात तशीच धरून आजींच्या दारात अर्धा तास उभी राहिले. गादी कुणाची, यावरून.

मला या विषयात एवढा रस का, ते आधी सांगून टाकते. आमचे आजेसासरे गेले तेव्हा वाईजवळच्या घरी दोन गोष्टी वाटायच्या होत्या, जमीन आणि देव. जमिनीचं तलाठ्याने सहा महिन्यांत केलं. वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर नावं लागली, कुणी तोंड वाकडं केलं नाही. देवांचं तीन वर्षं चाललं. चांदीचे सात टाक, एक बाळकृष्ण आणि भाद्रपदातला गणपती कुणाच्या घरी बसायचा हा मान. थोरले काका पुण्याला फ्लॅटमध्ये, धाकटे गावात. शेवटी आजेसासूबाईंनी एका सकाळी देवघरासमोर बसून सांगितलं, देव धाकट्याकडे राहतील. थोरल्या काकांनी त्या वर्षी दर्शन घेतलं, धाकट्या भावाच्या हातून तीर्थ घेतलं, आणि नंतर कधी गणपतीला आले नाहीत. जमिनीसाठी न तुटलेलं घर पळीभर तीर्थासाठी तुटलं. तेव्हा मी नवी सून होते, मला ते हास्यास्पद वाटलं होतं. यामागुची-गुमीचा इतिहास वाचताना वाटलं नाही.

टोळीची सुरुवात १९१५ ची. आवाजी बेटावरून आलेला यामागुची हारुकिची नावाचा कोळी कोबे बंदरात हमाली करायला लागला आणि पुढे हमालांचा मुकादम झाला. पन्नासेक माणसं जमवली, आपल्या आडनावाने गट काढला. १९२५ साली त्याने गादी मुलाला दिली, नोबोरूला. शंभर वर्षांत बापाकडून पोटच्या पोराकडे गादी गेली ती एवढी एकदाच. नोबोरू १९४२ मध्ये गेला आणि मग चार वर्षं गादी रिकामी होती. १९४६ मध्ये तिसरा आला, ताओका काझुओ. तोकुशिमाकडच्या खेड्यातला पोरका पोरगा, कोबेत नातेवाइकांकडे वाढलेला, मारामारीत समोरच्याच्या डोळ्यांत बोटं घालायचा म्हणून 'कुमा', म्हणजे अस्वल, हे नाव पडलेला, खुनासाठी तुरुंगवास भोगून आलेला. त्याने गादी घेतली तेव्हा टोळीत तेहतीस माणसं होती. तो गेला तेव्हा ती हजारोंच्या घरात होती. बंदरातली हमालांची कंत्राटं आणि गाण्याबजावण्याचे कार्यक्रम हे त्याचे दोन पाय. त्या काळातली जपानची लाडकी गायिका मिसोरा हिबारी हिच्या कार्यक्रमांची व्यवस्थाही त्याच्याच कंपनीकडे होती. आडनाव ताओका, टोळी यामागुची. आडनाव घराण्याचं राहिलं नव्हतं, गादीचं झालं होतं.

रक्ताचं नातं नाही, मग माणसं बांधायची कशाने? इथे साकाझुकी येतो.

साकाझुकी म्हणजे साके प्यायचा उथळ पेला, आपल्या पळी-पंचपात्रातल्या ताम्हनाची धाकटी बहीण म्हणावी असा. या पेल्याच्या विधीची एक जुनी चित्रफीत मी पाहिली, आणि पहिली दहा मिनिटं मला ती मुंजीची वाटत होती. समोर भिंतीवर तीन उभे पट लोंबतात, आमातेरासू, हाचिमान आणि कासुगा या देवांच्या नावांचे. पांढऱ्या कापडावर अख्खे मासे, मिठाचे ढीग, साकेच्या सुरया. माणसं काळ्या किमोनोत, गुडघे मोडून, ओळीत. मध्ये एक मध्यस्थ बसतो, पुरोहित म्हणा. तो ओततो, मासे सरकवतो, मीठ टाकतो, आणि प्रत्येक हालचाल इतकी हळू की बघणाऱ्याच्या पायाला मुंग्या याव्यात. 'बाप' पेल्याला ओठ लावतो. उरलेलं 'मुलगा' एका दमात संपवतो, पेला कागदात गुंडाळतो आणि किमोनोच्या आत छातीशी खोचतो. संपलं. इथून पुढे तो ओयाबुन, म्हणजे बापाच्या जागी, आणि हा कोबुन, मुलाच्या जागी. बापाने कावळा पांढरा म्हटलं की कावळा पांढरा, ही त्यांच्यातली म्हण सगळ्या जपानला पाठ आहे.

आपण उष्टं खातो ते लेकराचं, नाहीतर देवाचा प्रसाद म्हणून. त्या चित्रफितीतला पन्नाशीचा, मानेवर वळ्या पडलेला गडी उष्टा पेला छातीशी खोचतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्याला भक्तीच म्हणावं लागेल. मला ते आवडलं नाही. पण दिसलं ते दिसलं.

भाऊ व्हायचं असेल तर पेला वेगळ्या मापाने भरतात. बरोबरीचे भाऊ असतील तर निम्मा निम्मा, थोरला-धाकटा असतील तर सहा-चार किंवा सात-तीन. मानापमान साकेच्या थेंबांत मोजून ठेवलेला. आपल्याकडे पंगतीत पाट कुणाचा कुठे मांडायचा यावरून लग्नं अडलेली आहेत, तेव्हा मी फार हसू नये.

या सगळ्या व्यवस्थेत एक भेग आहे आणि ती कळायला मला बराच वेळ लागला. पेला माणूस माणसाबरोबर पितो, टोळीबरोबर नाही. बाप मेला की त्याच्याबरोबर प्यायलेले सगळे पेले एका दिवसात रिकामे. टोळी टिकवायची तर नव्या माणसाला बाप मानून प्रत्येकाने पुन्हा प्यायला हवं. आणि तो नवा माणूस कोण असतो? कालपर्यंतचा भाऊ. ज्याच्या शेजारी वीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, कदाचित ज्याच्याहून आपण वडील, त्याचं उष्टं प्यायचं आणि त्याला बाप म्हणायचं. काहींसाठी पळवाट असते. ते नव्या म्होरक्याचे 'शातेई', धाकटे भाऊ, होतात. मान राहतो, पण गादीच्या रांगेतून ते कायमचे बाहेर. गादी चालते ती मुलांच्या रांगेतून, आणि त्या रांगेतला पहिला म्हणजे वाकागाशिरा. युवराज म्हणा किंवा कारभारी, तो दोन्ही असतो.

ताओकानंतर हेच घडलं, आणि इतकं वाईट घडलं की त्याची झळ आजच्या कागद चिकटवलेल्या दारापर्यंत पोहोचते.

१९७८ च्या जुलैमध्ये क्योतोच्या एका नाइट क्लबात ताओकावर शत्रूटोळीच्या एका पोराने गोळी झाडली. मानेला लागली, तो वाचला. गोळी झाडणाऱ्याचं प्रेत दोन महिन्यांनी रोक्कोच्या डोंगरात सापडलं, म्हणजे आमच्या खिडकीतून दिसतो त्याच डोंगरात. तीन वर्षांनी, २३ जुलै १९८१ ला, ताओका हृदयविकाराने गेला. वारस ठरलेला होता. यामामोतो केनइची, वाकागाशिरा, ताओकाचा उजवा हात. फक्त तो तुरुंगात होता. टोळी त्याच्या सुटकेची वाट बघत थांबली. आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये यकृताच्या आजाराने तोही गेला. राजा गेला, युवराज गेला, आणि दरबारात सगळे एकमेकांचे भाऊ.

या पोकळीत पुढे आली ती ताओकाची विधवा, फुमिको. टोळीत बाईला जागा नाही, पेला नाही, पद नाही. पण ओयाबुनच्या बायकोला 'आने-सान', थोरली ताई, म्हणतात. नवऱ्याच्या घरी आलेल्या प्रत्येक पोराला तिने वाढलेलं असतं, तुरुंगातल्यांच्या घरची विचारपूस केलेली असते, कुणाचं लग्न कुणाशी ठरलं हे तिला ठाऊक असतं. कागदावर तिचा हक्क शून्य. प्रत्यक्षात ती जे बोलेल ते 'गेलेल्यांची इच्छा' ठरतं, आणि गेलेला माणूस खोडून काढायला येत नाही. माझ्या आजेसासूबाई देवघरासमोर बसल्या तेव्हा त्यांच्याकडेही दुसरं काही नव्हतं. "ह्यांच्या मनात होतं," एवढ्या तीन शब्दांवर त्यांनी निकाल दिला.

दोन दावेदार होते. यामामोतो हिरोशी, वयाने आणि मानाने वडील, हंगामी म्होरक्या म्हणून काम बघत असलेला. आणि ताकेनाका मासाहिसा, हिमेजीकडचा, त्याच्याहून धाकटा, जहाल, वाकागाशिरा झालेला. १९८४ च्या जूनमध्ये फुमिकोने ताकेनाकाच्या बाजूने कौल दिला. चौथा म्होरक्या तो.

यामामोतो हिरोशीने ते उष्टं प्यायला नकार दिला. समर्थक घेऊन बाहेर पडला आणि इचिवा-काई नावाची वेगळी टोळी काढली. सुरुवातीला त्याच्याकडची माणसं मूळ टोळीपेक्षा जास्त होती, यावरून तो एकटाच दुखावलेला नव्हता हे कळतं. पण नाव, चिन्ह आणि गादी यामागुचीकडे राहिली. संख्येपेक्षा त्यांचं वजन जास्त निघालं. महिन्यामहिन्याने माणसं परत फिरायला लागली, आणि जी उरली ती जिवावर उदार झाली.

२६ जानेवारी १९८५ च्या रात्री ताकेनाका ओसाकाजवळच्या सुइता शहरात एका सोसायटीत शिरला. त्याची मैत्रीण तिथे राहायची. लिफ्टसमोर इचिवा-काईचे लोक दबा धरून बसले होते. त्याच्याबरोबरचे दोघे, त्यात त्याचा वाकागाशिराही, मारले गेले, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः. गादीवर बसून वर्षही झालं नव्हतं. पुन्हा राजा गेला, युवराज गेला, या वेळी एकाच लिफ्टसमोर. मग जे पेटलं ते चार वर्षं चाललं. तीनशेच्या वर हल्ले, पंचवीसच्या आसपास मुडदे. फुमिको १९८६ च्या जानेवारीत गेली, युद्ध मध्यावर असताना. आपण दिलेल्या निकालाबद्दल शेवटी तिला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात उगीचच येतो. आजेसासूबाईंना मी एकदा विचारायला गेले होते. त्यांनी शेंगा सोलता सोलता विषय बदलला.

मार्च १९८९ मध्ये इचिवा-काई विसर्जित झाली, मध्यस्थी करून समेट झाला, यामामोतो हिरोशीचा जीव वाचला. त्याच वर्षी पाचवा म्होरक्या आला, वातानाबे योशिनोरी. आणि इथे या गोष्टीतला मला सगळ्यात मानवी वाटणारा माणूस येतो, ताकेनाकाचा सख्खा भाऊ ताकेशी. त्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं. माझ्या भावाला मारणाऱ्यांचा म्होरक्या जिवंत असताना समेट कसला? तो नव्या बापाचा पेला न घेता टोळीतून बाहेर पडला, आणि मग त्याच्याच लोकांवर यामागुचीकडून हल्ले झाले. सारी टोळी नात्यांची भाषा बोलते, बाप, भाऊ, पोरं. रक्ताचा भाऊ आपल्या भावासाठी उभा राहिला तेव्हा तोच घरात नकोसा झाला.

वातानाबेचा काळ मी पटकन ओलांडते, एक प्रसंग सोडून. ऑगस्ट १९९७ मध्ये त्याचा वाकागाशिरा ताकुमी मासारू याला शिन-कोबे स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलात, कॉफी पिताना, टोळीतल्याच एका गटाने गोळ्या घातल्या. शेजारच्या टेबलावर एक दंतवैद्य बसले होते. त्यांना गोळी लागली आणि तेही गेले. आतापर्यंत मी 'गादी', 'युवराज', 'दरबार' असे शब्द वापरत आले, आणि ते वापरताना एक नाटकी मजा येते हे मला कळतं. ते दंतवैद्य कुणाचे युवराज नव्हते. कॉफी प्यायला आले होते.

असाच एक पोलीस १९९५ मध्ये क्योतोत मारला गेला होता. टोळीच्या माणसांनी त्याला शत्रूटोळीतला समजून गोळी घातली. त्याच्या घरच्यांनी थेट म्होरक्यावर दावा लावला, नुकसानभरपाईचा. आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वातानाबे जबाबदार आहे. कोणत्या नात्याने? बाप म्हणून नाही, मालक म्हणून. नोकराने कामावर असताना केलेल्या नुकसानीची भरपाई मालकाने करायची, हा दिवाणी कायद्यातला साधा नियम. ट्रकचालकाने कुणाला धडक दिली तर वाहतूक कंपनी भरते ना, तसं. देवांचे पट, माशांची मांडणी, छातीशी खोचलेला पेला, या सगळ्याकडे न्यायालयाने बघितलं आणि म्हटलं, ही आस्थापना आहे. मला हा निकाल कमालीचा आवडतो. आमच्याही तलाठ्याला देव दिसले नव्हते, फक्त गट क्रमांक दिसले होते.

पुढच्याच वर्षी, २००५ च्या जुलैमध्ये, वातानाबे जिवंतपणी गादीवरून उतरला. सहावा आला त्सुकासा शिनोबू, खरं नाव शिनोदा केनइची, नागोयाच्या कोदो-काई या पोटगटाचा. कोबेची गादी पहिल्यांदा नागोयाकडे गेली. वर्ष संपायच्या आत तो बंदुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. बंदूक त्याच्या अंगरक्षकांकडे होती, शिक्षा त्याला झाली, हेही त्या 'मालक' न्यायाच्याच जवळचं. मागे कारभार पाहिला त्याच्याच गटातल्या वाकागाशिराने, ताकायामा कियोशीने. एप्रिल २०११ मध्ये म्होरक्या सुटला आणि शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कोबेला आला.

तोवर कोबेवाल्यांच्या मनात बरंच साचलं होतं. महिन्याची पट्टी जड झाली होती. शिवाय, बातम्यांत आलं तसं, मुख्यालय पोटगटांना पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि घरगुती सामान सक्तीने विकत होतं. हे वाचून मी अवाक झाले. खंडणीबहाद्दर माणसं, आणि रडगाणं काय, तर हेड ऑफिस पाण्याचे बॉक्स गळ्यात मारतं! पण पाणी हे निमित्त. बोच ही की बाप नागोयाचा, कारभारी नागोयाचा, म्हणजे पुढचा बापही नागोयाचाच असणार. ऑगस्ट २०१५ मध्ये, टोळीची शंभरी चालू असताना, मुख्यालयाशी थेट जोडलेल्या बहात्तर गटांपैकी तेरा गट फुटले. त्यांचा पुढारी इनोउए कुनिओ, कोबेच्या यामाकेन-गुमीचा. म्हणजे १९८२ मध्ये गेलेल्या त्या युवराजाने उभारलेल्या गटाचा. मूळ टोळीने पाच जणांना कायमचं तोडलं, आठ जणांना बहिष्कृत केलं, आणि त्याची पत्रं रीतसर सगळीकडे धाडली. आपल्या वाळीत टाकण्यासारखंच, फक्त छापील.

१९८४ पासून फुटीरांनी एक धडा घेतला होता. या वेळी त्यांनी नाव सोडलं नाही. 'कोबे यामागुची-गुमी' म्हणाले स्वतःला, चिन्हही जवळजवळ तेच, शंकरपाळीसारख्या चौकोनात 'यामा', म्हणजे डोंगर, हे अक्षर. आमचे देव आम्ही घेऊन निघालो, असंच ते. पण दोन वर्षांत त्यांच्यातूनही एक गट फुटला, आणि २०२१ मध्ये खुद्द यामाकेन-गुमी मूळ घरी परतली. थोरली पाती, धाकटी पाती, धाकटीची धाकटी. 'भाऊबंदकी' या शब्दाला जपानीत अगदी तोलाचा शब्द मला सापडलेला नाही. वस्तू मात्र अस्सल आहे.

आणि या सगळ्या काळात बाहेर काय चाललं होतं? गादीची किंमत उतरत होती. १९६३ मध्ये देशभरातल्या सगळ्या टोळ्यांत मिळून १ लाख ८४ हजारांच्या आसपास माणसं होती. २०२४ च्या अखेरीला १८,८००, आणि त्यांत निम्म्याहून जास्त पन्नाशी ओलांडलेली. २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांनी टोळीवाल्यांशी व्यवहार करणाऱ्या सामान्य लोकांवरच नियम घातले. त्यामुळे बँकेत खातं नाही, मोबाइल नाही, घर भाड्याने नाही. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं तीच अडचण. पोर आत कशाला येईल, आणि आलेला बाहेर तरी कसा पडेल?

फुकुओकात तर याहून पुढची पायरी आली. कुदो-काई या टोळीच्या म्होरक्याला, नोमुरा सातोरूला, ऑगस्ट २०२१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याने स्वतः हुकूम दिल्याचा थेट पुरावा नव्हता. न्यायालयाचा तर्क असा की इतक्या कडक शिस्तीच्या संघटनेत वरच्याच्या संमतीशिवाय असं काही होऊच शकत नाही. २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याची जन्मठेप केली. पण तर्काचा रोख बघा. बापाने कावळा पांढरा म्हटला की पांढरा, ही ज्यांची शेखी, त्यांची तीच शेखी त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. मग बाप व्हायला पुढे कोण येणार?

यामागुचीत तरी रांग अजून आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ह्योगो, म्हणजे कोबेच्या प्रांताच्या, पोलिसांना लेखी कळवलं की आम्ही हे भांडण थांबवतो. त्याच महिन्यात ताकायामाला सल्लागाराच्या जागी बसवून नवा वाकागाशिरा नेमला गेला, ताकेउची तेरुआकी. तोही नागोयाच्या कोदो-काईचाच. म्होरक्या १९४२ चा. म्हणजे सातव्याची तयारी चालू आहे, असं इथले जाणकार म्हणतात. पेला भरायला ठेवलाय, एवढं निश्चित.

आजींना मी हे सगळं विचारते तेव्हा त्या टोळीच्या राजकारणात काडीचा रस दाखवत नाहीत. त्यांच्या आठवणी वेगळ्या आहेत. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात या गल्लीतली निम्मी घरं बसली, आणि सरकारी मदत पोहोचायच्या आत भिंतीपलीकडच्या लोकांनी दार उघडून पाणी, पाव, बाळांचं दूध वाटायला घेतलं. जगभरच्या वर्तमानपत्रांत ते आलं होतं. मी विचारलं, तुम्ही घेतलंत? त्या म्हणाल्या, सून तेव्हा बाळंतीण होती. नवऱ्याने त्या पाण्याचा घोट घेतला नाही, दोन दिवस तसाच राहिला. मी घेतलं. एवढं बोलून त्या घरात गेल्या आणि आतून मला दोन संत्री आणून दिली, जणू काही माझंच सांत्वन करायचं होतं.

तेच बाळ पुढे मोठं होऊन त्या दारात हॅलोवीनला रांगेत उभं राहायचं. होय, तिथे हॅलोवीनला मुलांना खाऊच्या पिशव्या वाटायचे, भल्यामोठ्या. २०२० मध्ये ह्योगो प्रांताने नियम करून ते बंद केलं. टोळीने अल्पवयीन मुलांना काही द्यायचंच नाही. माझा मुलगा आता दुसरीत आहे. ती गोष्ट त्याने शाळेत ऐकली आणि घरी येऊन विचारलं, "मग आता त्यांचा खाऊ कोण खातं?"

वर्षअखेरीला तिथे मोची कुटायचे, तेही आजींनी सांगितलं. भिजवून वाफवलेला चिकट तांदूळ मोठ्या उखळात लाकडी हातोड्यांनी, दोघं दोघं मिळून, ताल धरून. बाह्या वर केलेल्या दंडांवरचं गोंदण आणि तांदळाची वाफ, आणि कडेने शेजारपाजारची माणसं. एक जण हातोडा मारतो, दुसरा मधल्या क्षणात हात घालून गोळा उलटतो. ताल चुकला तर बोटं गेली.

"आणि चव?" मी विचारलं.

त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. मग झाडू भिंतीला टेकवत म्हणाल्या, "तांदूळ उंची असायचा."